चौथ्या क्वार्टरपुरता बर्फ

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नॉर्बर्ट कुबियाकच्या ड्राइव्हवेतला शेवटचा बर्फ वितळला. ढेकूळ जेमतेम बुटाएवढं होतं आणि टपालपेटीच्या खांबाला टेकून सोमवारपासून तग धरून होतं. त्याचं पाणी झालं तेव्हा नॉर्बर्ट स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला समाधान म्हणणं कमीच पडेल.

समोरच्या घराच्या खिडकीत त्याच क्षणी गस फेरांते उभा होता. त्याचा चेहरा पाहून कुणीही दाराशी फुलं ठेवून गेलं असतं.

अंतिम सामना रविवारी होता.

टॅनरी पॉइंट हे सरोवराकाठचं गाव. इथे फेब्रुवारीत बर्फ नसणं म्हणजे स्वयंपाकघरात मीठ नसणं. माणसं आधी चकित होतात, मग एकमेकांवर संशय घेतात. पण यंदा तापमान बावन्न फॅरनहाइटवर जाऊन बसलं होतं. लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरत होते, आणि एका बाईंनी तर चक्क कपडे बाहेर वाळत घातले होते.

या वितळण्याचा अमेरिकन फुटबॉलशी काय संबंध, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी हकिगत अशी. जानेवारीतल्या पहिल्या बाद सामन्यात शेवटचा, म्हणजे चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आपला संघ चौदा गुणांनी मागे होता. कुबियाकांच्या दिवाणखान्यात नेहमीची मंडळी जमली होती. नॉर्बर्ट उठला, म्हणाला, "हे काही जिंकत नाहीत. निदान ड्राइव्हवे तरी साफ होईल." त्यानं बूट चढवले, फावडं घेतलं आणि बाहेर गेला. अर्ध्या तासानं आत आला, तर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. गस रडत होता. गस निवृत्त प्लंबर आहे. चाळीस वर्षांत लोकांच्या तळघरांत त्यानं जे जे पाहिलं, त्यातल्या कशानंही तो रडला नव्हता.

पुढच्या सामन्याला गस गमतीत म्हणाला, "काय नॉर्बर्ट, फावडं घेतोस ना?" नॉर्बर्टही गमतीत गेला. संघ जिंकला. तिसऱ्या सामन्यापर्यंत गंमत संपली होती. नॉर्बर्ट हट्टानं सोफ्यावर बसून राहिला आणि सात मिनिटांत समोरच्यांनी चेंडू दोनदा शेवटच्या रेषेपार नेला, दोन टचडाउन केले. सगळे नुसते त्याच्याकडे पाहत राहिले, प्रार्थना चालू असताना ज्याचा फोन वाजतो त्याच्याकडे पाहतात तसे. तो उठला. फावडं घेतलं. संघ जिंकला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला.

आता नॉर्बर्टची बाजू. वय अठ्ठावन्न. शाळांच्या जिल्हा कार्यालयात तो बसगाड्यांचे मार्ग आखतो. दहाव्या वर्षापासून या संघाचा एकही सामना त्यानं चुकवलेला नाही. संघ यापूर्वी दोनदा अंतिम सामन्यात पोचला आणि दोन्ही वेळा हरला. ते दोन्ही पराभव त्यानं राष्ट्रगीतापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत जागेवरून न हलता पाहिले. आणि आता कुठे संघ जिंकायला लागला, तर त्याच्या वाट्याला आली टपालपेटी. हा संघ जिंकताना एकदा, फक्त एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढीच त्याची इच्छा होती. ढेकूळ वितळलं तेव्हा देवानं ती ऐकली असं त्याला वाटलं. पण गस त्याहून जवळ राहत होता.

पाच वाजता गस घंटी न वाजवता आत आला. बरोबर शेजारच्या मिसेस शूमाकर होत्या. त्यांचं वय एक्याऐंशी. प्रत्येक सामन्याला त्या एकच लोकरी शाल विणतात आणि संघानं गुण गमावले की एक ओळ उसवतात. त्या शालीचा आकार सध्या हातरुमालाएवढा आहे.

"बघितलंस?" गस म्हणाला.

"काय?"

"काय म्हणे! ड्राइव्हवे कोरडा ठणठणीत पडलाय. रविवारपर्यंत बर्फाचं नाव नाही, रेडिओवाला सांगत होता."

"निसर्ग आहे, गस. त्याच्यापुढे आपण काय करणार?" नॉर्बर्ट इतक्या खोल दुःखानं बोलला, की त्याच्या बायकोनं, लोरेननं, कांदा चिरताना मान वर केली.

"नॉर्ब, तुला खोटं बोलता येत नाही. सोडून दे," ती म्हणाली.

"खोटं कसलं? बर्फ नाही तर मला आत बसावं लागणार, एवढंच म्हणतोय. सोफ्यावर. मधोमध."

"नुसतं फावडं घासलं तर?" मिसेस शूमाकरनी विचारलं. "आवाज तरी तोच येईल."

"चालत नाही," गस म्हणाला. "चर्चमध्ये नुसते ओठ हलवल्यासारखं होईल ते. बर्फ खरा पाहिजे. सात इंच. तिन्ही वेळा सात इंच होता, मी मोजलाय."

"त्या बिचाऱ्याला एकदा तरी बघू द्या की," लोरेन म्हणाली.

"बघेल ना! नंतर पुन्हा पुन्हा दाखवतात."

या वाक्यावर नॉर्बर्टनं कॉफीचा कप इतक्या हळू खाली ठेवला, की ते सगळ्यांना ऐकू आलं.

गसची योजना तयार होती. गावातल्या स्केटिंगच्या रिंगणावर दिवसातून पाच वेळा यंत्र फिरतं, बर्फाचा वरचा थर खरवडतं आणि तो चुरा इमारतीच्या मागे ओततं. तिथे एक टेकडीच उभी आहे. रिंगणवाला म्हणाला होता, हवा तेवढा न्या, पण नगरपालिकेचा कागद आणा. गेल्या वर्षी कुणीतरी तो बर्फ नेऊन मेहुण्याच्या पोहण्याच्या तलावात टाकला होता, तेव्हापासून तो सावध आहे.

"आणि अर्ज घरमालकानंच करायचा असतो," गस म्हणाला. "म्हणजे तू."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत नॉर्बर्ट नगरपालिकेत गेला. खिडकीत बेव्हर्ली टर्क होती. तिनं मान वर न करता एक फॉर्म सरकवला.

"बर्फ काढण्याचा. खाली सही करा."

"काढायचा नाहीये. आणायचाय."

बेव्हर्लीनं चष्मा उतरवला. "कुठे?"

"माझ्या दारात."

"मिस्टर कुबियाक, सव्वीस वर्षं बसतेय मी या खिडकीत. लोक शेजाऱ्याच्या दारात बर्फ टाकतात, रस्त्यात टाकतात, एकानं सासूच्या गाडीवर टाकला. स्वतःच्या दारात आणून टाकणारे तुम्ही पहिलेच. कशाला हवाय तुम्हाला बर्फ?"

"मला नकोच आहे."

"मग अर्ज कशाला करताय?"

"घरमालकाची सही लागते म्हणून."

बेव्हर्लीनं मान डोलावली. तिच्या खिडकीत याहून कमजोर कारणं रोज येतात.

तिनं नियमांचं पुस्तक काढलं. बर्फ कचऱ्यात बसेना, कारण तो कुणाला तरी हवा होता. साठवणीतही बसेना, कारण तो राहणार नव्हता. शेवटी 'भराव' नावाचं कलम सापडलं: माती, वाळू, खडी किंवा तत्सम पदार्थ. त्यासाठी दोन गोष्टी लागत. पाण्याचा निचरा कसा होईल याचा नकाशा आणि आजूबाजूच्या अकरा घरांची संमती. यातलं एक जरी अपुरं असलं तरी अर्ज नामंजूर.

नामंजूर! ऑफिसात परतताना नॉर्बर्ट जवळजवळ शीळ घालत होता. नकाशा वाईट काढायचा, एवढंच काम.

रात्री जेवण झाल्यावर तो वाईट नकाशा काढायला बसला. पण सत्तावीस वर्षं बसगाड्यांचे मार्ग आखलेल्या माणसाला वाईट नकाशा काढणं जमत नाही. पहिली रेघ वाकडी आली, ती त्याच्यानं बघवेना. खोडून त्यानं पट्टी घेतली. पट्टी हाती आल्यावर उतार दाखवावाच लागला. उतार आला म्हणजे बाण आले, गटाराची जाळी आली, तासाला किती पाणी वाहील याचा अंदाज आला. झोपायला गेला तेव्हा कोपऱ्यात उत्तर दिशाही काढून झाली होती, आणि आपण नेमकं काय केलं हे त्याला अंथरुणात पडल्यावर समजलं.

तरीही सह्या बाकी होत्या. शुक्रवारी त्यानं सुट्टी टाकली आणि सकाळपासून दारं वाजवायला लागला. दहा घरांतून सह्या मिळाल्याच, वर सल्ले मिळाले. एकानं सांगितलं, टोपी तीच घाल. दुसऱ्यानं सांगितलं, मागच्या वेळी तू डावीकडून सुरुवात केली होतीस, मी बघत होतो. तिसऱ्या घरी बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं ऑपरेशन सोमवारी आहे, त्यांना आनंदात जाऊ द्या हो," आणि नॉर्बर्टचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. या बोलण्यापुढे माणूस काय करणार?

अकरावं घर डेक्स्टर हॉलोवेचं. हा गृहस्थ अंतिम सामन्यातल्या विरुद्ध संघाच्या शहरातून बदली होऊन आलेला, अंगणात त्यांचा झेंडा लावतो. गल्ली त्याच्याशी बोलत नाही. नॉर्बर्टची सगळी मदार आता या एका माणसावर होती.

"तुम्हाला सही करायची नसेल तर मला अगदी पटेल," नॉर्बर्ट म्हणाला. "तुमच्या जागी मी असतो तर दारच उघडलं नसतं."

हॉलोवे त्याच्याकडे पाहत राहिला. "मिस्टर कुबियाक, तीन वर्षांत या गल्लीत माझ्याशी इतक्या सभ्यपणे कुणी बोललं नाही." आणि त्यानं खिशातून पेन काढलं.

"नीट वाचा तरी!"

"तुमच्यासारख्या माणसाचा कागद वाचायचा कशाला?"

दुपारी बेव्हर्लीनं नकाशा उजेडात धरून पाहिला. "उत्तर दिशा दाखवलीत. असं कुणी करत नाही आता." तिनं शिक्का मारला आणि एक प्रत नमुना म्हणून काउंटरच्या काचेखाली सरकवली.

"पण याला तीन आठवडे लागतात ना?" नॉर्बर्टनं शेवटचा प्रयत्न केला. "पाहणी वगैरे?"

"एरवी लागतात. पण ते फावडंवाले तुम्हीच ना?" तिनं आवाज उतरवला. "सगळी कचेरी तुमच्यावर भिस्त ठेवून आहे."

शनिवारी सकाळी नऊला गसचं पिकअप रिंगणावर गेलं. सात इंचांना दोन खेपा पुरेशा होत्या आणि साडेदहाला त्या झाल्याही. गसनं पट्टी घालून मोजलं, वर ताडपत्री घातली, मिसेस शूमाकरनी ताडपत्रीवर आपल्या दोन गोधड्या घातल्या, आणि प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण बातमी फुटली. रिंगणवाल्यानं हॉकीच्या मुलांच्या आयांना सांगितलं, आणि त्या आयांनी उरलेल्या गावाला. दुपारी अनोळखी माणसं बादल्या घेऊन येऊ लागली. आपापल्या घरामागच्या सावलीत उरलेला बर्फ ती श्रद्धेनं ओतून जात होती. कुणीतरी सुपरमार्केटच्या पार्किंगमधला काळा ढीग ट्रेलरभरून आणला. त्यात एक सामानाची ढकलगाडी होती. ती बाजूला काढावी की राहू द्यावी यावर दहा मिनिटं चर्चा झाली आणि शकुन म्हणून ती राहू देण्यात आली.

चार वाजता नॉर्बर्ट दारात येऊन उभा राहिला. बर्फ त्याच्या छातीपर्यंत होता आणि गॅरेजचं दार दिसत नव्हतं.

"गस, तू सात इंच म्हणाला होतास."

"लोकांची भावना आहे. मी कशी मोडू?"

तेवढ्यात लोरेन बाहेर आली, ढिगाकडे पाहिलं आणि थंड आवाजात म्हणाली, "कोंबडीचे पंख गॅरेजच्या फ्रिजमध्ये आहेत."

एकशेचाळीस पंख होते, मसाला लावून ठेवलेले. शिवाय सेलरी आणि चीजची चटणी. गॅरेजला दुसरं दार नाही. पंखांशिवाय अंतिम सामना या गावात कुणी पाहिलेला नाही, आणि पाहिला असला तरी कबूल केलेलं नाही.

"मी फावडं घेतो," नॉर्बर्ट म्हणाला. "वाट करतो."

"हात लावू नकोस!" गस ओरडला. "चौथ्या क्वार्टरच्या आधी तू एक ढेकूळ जरी हलवलंस तरी सगळं वाया!"

"मग तू काढ."

"माझी पाठ."

प्रकरण मिसेस शूमाकरांकडे गेलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला: खाण्यासाठी काढलेला बर्फ धरायचा नाही, मात्र तो नॉर्बर्टनं काढायचा नाही, आणि काढलेला परत जागेवर टाकायचा. त्याप्रमाणे हॉलोवेला बोलावण्यात आलं. गल्लीनं पहिल्यांदाच आपल्याला काही काम सांगितलं, या आनंदात त्यानं एक तास फावडं मारलं. पंख बाहेर आले. मग त्यानं सगळा बर्फ होता तसा परत रचला, वर ताडपत्री, गोधड्या आणि ढकलगाडीसुद्धा.

रविवारी साडेसहाला सामना सुरू झाला. नॉर्बर्टनं त्याआधी एक रास्त विनंती केली होती: टीव्ही खिडकीपाशी सरकवा, म्हणजे फावडं मारता मारता काचेतून दिसेल. गसनं ती फेटाळली. तिन्ही वेळा फावडं मारताना नॉर्बर्टनं काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. म्हणून पडदा ओढून घ्यायचा. रेडिओ नाही, फोन आत ठेवायचा.

"कैद्यालासुद्धा खिडकी असते," नॉर्बर्ट म्हणाला.

"कैदी जिंकून देत नाही," गस म्हणाला.

पहिले तीन क्वार्टर नॉर्बर्ट सोफ्यावर मधोमध बसला. त्यानं पंख खाल्ले नाहीत. पापण्यासुद्धा तो कंजुषीनं मिटत होता. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा संघ अकरा गुणांनी मागे होता आणि मिसेस शूमाकरांच्या हातात शालीऐवजी लोकरीचा गुंडा होता. खरं सांगायचं तर या वेळी त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे मुद्दाम टीव्हीकडे पाहत होते. तो आपण होऊन उठला. दोन पराभव मी बसून पाहिलेत, तिसरा नको, असं काहीतरी पुटपुटला आणि बूट चढवले. लोरेननं त्याची टोपी आणून दिली. ती त्याच्या कानांवर तिनं स्वतः ओढली.

बाहेर त्यानं गोधड्या घडी करून ठेवल्या आणि डावीकडून सुरुवात केली. रिंगणाचा बर्फ गोठून दगड झाला होता. चार फावड्यांत त्याला घाम फुटला. आणि मग त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आधीच्या तीन सामन्यांत आली नव्हती, कारण तेव्हा थंडीनं गल्लीभर खिडक्या बंद होत्या.

आज खिडक्या उघड्या होत्या. डावीकडच्या मॅकडर्मट मंडळींच्या छतावर जुनी अँटेना आहे. त्यांना चित्र तत्काळ दिसतं. कुबियाकांचा टीव्ही इंटरनेटवर चालतो, त्याला तेच चित्र अर्ध्या मिनिटानं पोचतं. मॅकडर्मटांकडे आरोळी उठली. नॉर्बर्टनं फावडं थांबवून मनात मोजलं. अठ्ठावीस, एकोणतीस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात तीच आरोळी उठली. पडद्यामागची माणसं ज्या गोष्टीसाठी नखं खात होती, ती त्याला अर्धं मिनिट आधीच माहीत होती.

आरोळ्यांवरून त्यानं हिशेब लावला: एक टचडाउन, म्हणजे सहा गुण, वर आणखी दोन. आता तीन गुणांचं अंतर. मग बराच वेळ नुसते कण्हण्याचे आवाज. तो फावडं मारत राहिला. गॅरेजचं दार दिसायला लागलं. मग मॅकडर्मटांच्या घरातून कुणीतरी किंचाळलं, "एक यार्ड! चार सेकंद!"

म्हणजे रेषा एका यार्डावर होती आणि एकच डाव उरला होता. बरोबरीच्या तीन गुणांसाठी चेंडू लाथेनं खांबांमधून मारायचा, की जिंकण्यासाठी रेषेत घुसायचं? नॉर्बर्ट फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मॅकडर्मटांकडे "घुसतायत! घुसतायत!" असा गलका झाला, एक मोठा "ओऽऽऽ" आला, आणि एकदम सगळं शांत झालं. जल्लोष नाही, हुंदका नाही.

नॉर्बर्टच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डाव होऊन गेला होता. जे व्हायचं ते झालं होतं. आणि त्याच्या दिवाणखान्यात ते व्हायला अजून अर्धं मिनिट होतं!

त्यानं फावडं टाकलं आणि धावला.

दार उघडताच गस असा ओरडला, की मिसेस शूमाकरांच्या हातून लोकर उडाली. "बाहेर! बाहेर हो! चार सेकंद राहिलेत!"

"राहिले नाहीत! झालंय ते!"

"अरे, टीव्हीवर दिसतंय ना, खेळाडू उभे आहेत!"

"ते अर्ध्या मिनिटापूर्वीचे खेळाडू आहेत, गस! मी आलो काय, न आलो काय, आता कशानंही काही बदलत नाही!"

"नॉर्ब, पायपुसणं!" लोरेन म्हणाली. सवयीनं बोलली ती, पण त्यामुळे नॉर्बर्ट उंबऱ्यातच थांबला.

चेंडू मागे आला. आपल्या धावपटूनं तो पोटाशी धरला आणि मुंडी खाली घालून माणसांच्या भिंतीत घुसला. सगळे त्याच्यावर कोसळले. नॉर्बर्टनं ते पाहिलं. पापणी न मिटता, दारातून, गसच्या खांद्यावरून, सगळं पाहिलं. एका पंचानं हात वर केले, म्हणजे टचडाउन. दुसऱ्यानं आडवे हलवले, म्हणजे नाही. दोघं एकमेकांकडे धावले, बोलले, आणि मग मुख्य पंचानं घोषणा केली, की डावाचं चित्रण पुन्हा तपासलं जाईल.

"हे तू केलंस," गस म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"ते आधीच होऊन गेलं होतं."

"डाव झाला होता. निकाल कुठे झाला होता? आता तरी बाहेर जा!"

"अर्धा तो बाहेरच आहे," मिसेस शूमाकर जमिनीवरची लोकर गोळा करत म्हणाल्या. "पाय बघ त्याचे."

सगळ्यांनी पाहिले. उजवा बूट उंबऱ्याच्या आत, पायपुसण्यावर होता. डावा बाहेर, पायरीवर. कुठला पाय धरायचा यावर कुणालाच काही सांगता येईना, आणि त्यानं कुठलाच पाय हलवू नये यावर मात्र एकमत झालं.

"रेषेच्या आत होता चेंडू," नॉर्बर्ट हळूच म्हणाला. "मी पाहिला."

लोरेननं त्याचा हात धरला.

दहा वाजून सहा मिनिटांनी मुख्य पंच चित्रण तपासायच्या छोट्या पडद्यात डोकं घालून उभे होते. मॅकडर्मटांच्या घरातून अजून आवाज आलेला नव्हता.